एका पायावरचा तोल

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जन्म जिने चढण्यात जातो, कारण त्याला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंदच असते. हे मी त्याला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता तो हसतही नाही. संध्याकाळी गुडघे चोळत घरी येतो, तोंडावर पाणी मारतो, उभ्याउभ्याच चहा घशाखाली घालतो आणि पुन्हा एक जिना चढायला निघतो. हा जिना गाद्यांच्या दुकानावरचा. वर एक लांबट खोली आहे. तिथे तो किकबॉक्सिंग शिकवतो, त्याचे केस काळे होते तेव्हापासून.

खोलीत जमिनीवर अंथरलेल्या गाद्या खालच्या दुकानातल्या, गिऱ्हाइकांनी परत केलेल्या. त्यांना खोळी मी शिवते. खिडकीपाशी माझं शिवणयंत्र आहे. वहिनी गेल्यापासून मी दादाच्या घरी राहते आणि त्याच्या या खोलीतही माझा अर्धा दिवस जातो. फाटलेले हातमोजे, लाथा झेलायच्या उसवलेल्या ढाली, सगळं माझ्या पुढ्यात येऊन पडतं. त्या हातमोज्यांचा वास एकदा ज्याच्या नाकात गेला त्याला पुढे कशाचंच काही वाटत नाही.

आणि मी बोळे शिवते. जुन्या चादरींच्या चिंध्या, आत कापूस, लिंबाएवढा गोल. नवा मुलगा किंवा मुलगी आली की दादा तिला हातमोजे देत नाही, हा बोळा देतो. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये धरायचा आणि दोन तास खाली पडू द्यायचा नाही. हनुवटी खाली राहिली की मान घट्ट राहते, आणि मान घट्ट राहिली की फटका बसला तरी डोकं मागे हिसकत नाही. मग पडायला शिकायचं. मागे पडा, बाजूला पडा, पाठ गोल करा, डोकं टेकू देऊ नका. असा अख्खा मोसम निघून जातो. मारायला मिळेल म्हणून आलेली पोरं कंटाळून जातात. पलीकडच्या रस्त्यावर काचेच्या दाराचं एक मोठं जिम आहे, तिथे पहिल्याच दिवशी समोरासमोर उभं करतात. आमची निम्मी पोरं तिकडे गेली. दादा त्यांना अडवत नाही. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून "सांभाळ रे" एवढंच म्हणतो. कोणी हातमोजे चढवले तरी सांभाळ, कोणी घरी निघालं तरी सांभाळ. पोरं पाठीमागे त्याला सांभाळ सर म्हणतात. पाठीमागे कसलं, तोंडावरसुद्धा म्हणतात.

सरावात डोक्याला मारायचं नाही, फक्त हात लावायचा, हा त्याचा दुसरा नियम. पोटात मारा, मांडीवर मारा, डोक्याला स्पर्श करून हात मागे घ्या. ज्याचा हात जड पडला त्याने आठवडाभर दुसऱ्यासाठी ढाल धरून उभं राहायचं. पालक म्हणत, असं भीत भीत कसलं लढायचं शिकवता हो? दादा उत्तर देत नसे. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते लोकांना सांगण्यासारखं नव्हतं.

ते उत्तर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खुर्चीत बसलेलं असतं. दादाच्या तरुणपणीचा जोडीदार. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर सराव करत, आणि तेव्हा सराव म्हणजे खरं मारणं. सामन्यांत त्याला फारसा मार बसलाच नाही. जो बसला तो रोजचा, थोडा थोडा, आपल्याच माणसाच्या हातचा. आता त्याला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही. दर रविवारी दादा त्याची दाढी करायला जातो. एकदा मी सोबत गेले होते. परत येताना बसमध्ये दादा म्हणाला, "मीच मारत होतो गं. रोज. अगदी प्रेमाने." त्यानंतर रस्ताभर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

म्हणून त्याने एक परीक्षा ठेवली होती. मोसमाच्या सुरुवातीला दादा एकेकाला घडी केलेल्या गादीवर एका पायावर उभं करी. हात कमरेवर, डोळे मिटलेले. तो सावकाश वीसपर्यंत अंक मोजणार आणि तेवढ्यात दुसरा पाय किती वेळा टेकतो ते बघणार. जितक्या वेळा टेकला तितक्या खडूच्या रेघा भिंतीवर, नावाखाली. पुढे कधी कोणाच्या डोक्याला लागलं की त्या दिवशी खेळ तिथेच बंद. दोन दिवसांनी पुन्हा गादीवर उभं राहायचं. पाय पूर्वीपेक्षा जास्त वेळा टेकला तर दाराशेजारच्या बाकावर बसायचं, पूर्वीइतका तोल येईपर्यंत. रडून, भांडून, ओळख लावून काही व्हायचं नाही. "मी नाही ठरवत, भिंत ठरवते," असं दादा म्हणायचा. गेल्या वर्षी एका बस ड्रायव्हरच्या मुलाला त्याने असंच संघाच्या निवडीच्या तोंडावर बसवलं. ड्रायव्हर जिन्यात उभा राहून तोंडाला येईल ते बोलला, पण शेवटी भिंतीकडे बघून गप्प झाला. भिंतीशी कोण भांडणार?

आता माझी भाची. दादाची एकुलती एक. लहानपणापासून सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिलेली नाही. जेवते उभी, केस विंचरते चालत चालत, आणि बूट घालते एका पायावर. तोंडात पावाचा तुकडा, एक पाय वर घेतलेला, दोन्ही हातांनी लेस बांधतेय आणि बांधता बांधता माझ्याशी वाद घालतेय, हे आमच्या घरातलं रोजचं सकाळचं चित्र. दाराशी एक स्टूल आहे. ते तिच्या आईने मुद्दाम आणलं होतं, पोर कधीतरी बसून बूट घालेल म्हणून. त्यावर छत्र्या आणि पिशव्या ठेवल्या जातात.

भिंगरी आमच्या खोलीतली सगळ्यात चांगली लढवय्यी. हे मी आत्या म्हणून सांगत नाही, काचेच्या दारवालेसुद्धा तिला न्यायला दोनदा येऊन गेले. यंदा मुख्य संघाची निवड होती, रविवारी. पुढच्या वर्षी तिचं वय त्या गटातून निघून जाणार होतं. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही. सहा वर्षं पोरीने दुसरा विषय काढला नव्हता. दादा तोंडाने काही म्हणत नव्हता, पण त्याने रविवारच्या पाळीची रजा काढली होती आणि शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. त्या शर्टाकडे बघून मला हसू येत होतं.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला ते झालं. भिंगरी आणि बेकरीवाली सराव करत होत्या. बेकरीवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीत कणीक मळणारी तिची मैत्रीण, दंड असे की मी तिच्यासाठी बाह्या नेहमी दोन बोटं सैल शिवते. तिने गुडघा वर घेतला, भिंगरी त्याच क्षणी खाली वाकली, आणि कपाळ गुडघ्यावर आपटलं. चूक कोणाचीच नाही. भिंगरी बसली, हसली, उठली. "काही नाही, काही नाही," म्हणाली. दादाने हातमोजे काढायला लावले आणि घरी पाठवलं.

दोन दिवसांनी ती गादीवर उभी राहिली. मी यंत्राचं चाक हाताने धरून ठेवलं. दादा मोजत होता आणि त्याचा आवाज मला जरा जास्तच सावकाश वाटला. पाय एकदा टेकला. पुन्हा टेकला. वीस झाले. भिंतीवर तिच्या नावाखाली दोन रेघा होत्या, मोसमाच्या सुरुवातीच्या. दोनाला दोन. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीवाली तर रडायलाच लागली. दादाने खडू खिशात टाकला आणि पाठ फिरवून पाणी प्यायला गेला. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं का सांगू?

शनिवारी सकाळी मी चहा गाळत होते. दादा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. रोज दोघं बरोबरच खाली उतरतात, तो कामाला आणि ती धावायच्या सरावाला. भिंगरीने बूट घेतला. हातात धरून त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग स्टुलावरच्या छत्र्या खाली ठेवल्या, बसली आणि लेस बांधली.

मी दादाकडे पाहिलं. दादा माझ्याकडे बघत होता. भिंगरीने दुसरा बूट घातला, भिंतीला हात लावून उठली आणि "चला ना बाबा, उशीर होतोय," म्हणाली. दोघं गेले. मी गाळणं तसंच हातात धरून उभी.

एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जी पोर पावाचा तुकडा चावत, माझ्याशी भांडत एका पायावर लेस बांधते, तिचा पाय मोसमाच्या सुरुवातीला धडधाकट असताना वीस अंकांत दोनदा कसा टेकला? आम्ही दोघांनी तेव्हा ते पाहिलं होतं. मी तिथेच बसले होते, दादाने स्वतः रेघा ओढल्या होत्या. घरातली पोर आम्हाला तोंडपाठ होती आणि खोलीतली पोर आम्ही भिंतीवरून वाचत होतो.

दुपारी मी बेकरीत गेले. बेकरीवालीचे हात कोपरापर्यंत पिठात होते. मी एवढंच विचारलं, "पहिल्या परीक्षेला पाय मुद्दाम टेकवता ना गं तुम्ही?"

तिने वर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "आत्या, सगळेच टेकवतात," ती म्हणाली. "गेल्या वर्षी ड्रायव्हरकाकांच्या मुलाला बसवलं ना, तेव्हापासून. आधीच दोन-तीन रेघा करून ठेवायच्या. मग लागलं तरी अडकायला होत नाही. भिंगरीताईनेच शिकवलं सगळ्यांना."

"आणि हिला आता काय होतंय?"

"उजेड सहन होत नाही म्हणते. काल रात्री उलटी झाली. मला शपथ घातलीय, आत्या. माझ्याच गुडघ्याने झालं हे. मला झोप नाही."

मला तिला धारेवर धरायचं होतं, पण तिने पिठाच्याच हाताने डोळे पुसले. मी तिथून निघाले. रस्त्यात मला राग आला तो दादाचाच. इतकी वर्षं सांभाळ सांभाळ करून शेवटी काय शिकवलं पोरांना? लपवायला शिकवलं.

संध्याकाळी त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकून ऐकत होता. "मला सकाळीच कळलं," तो म्हणाला. "दिवसभर एका लिफ्टच्या खड्ड्यात बसून होतो. वाटलं, परीक्षा तर पास झालीय. नियमाने झालीय. जाऊ दे तिला. एकच दिवस."

"मग?"

"मग रविवार आठवला. उद्या दाढी करायला जायचंय ना."

वर सगळे जमले होते. उद्याच्या निवडीसाठी शुभेच्छा द्यायला पालकही आले होते. दादा मध्यभागी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भिंगरी उद्या जाणार नाही."

आधी तिला ती थट्टाच वाटली. मग नाही वाटली. "मी पास झालेय बाबा. तुमचीच परीक्षा, तुमचाच नियम. दोनाला दोन."

"हो."

"मग का? काय पाहिलंत तुम्ही?"

मला कळलं तो का सांगत नाही ते. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तिने मरत मरत का होईना, उभं राहून बूट घातले असते.

"सांगा ना! सगळ्यांसमोर सांगा!" तिचा आवाज चिरकला आणि तिने कपाळाला हात लावला, लगेच खाली घेतला. "तुम्हाला मी जायलाच नको होतं. पहिल्यापासून. तुम्ही भित्रे आहात!"

मागून ड्रायव्हर पुढे आला. वर्षभर दाबून ठेवलेलं त्याला आता आवरेना. "सर, माझ्या मुलाला तुम्ही भिंतीकडे बोट दाखवून बसवलंत. मी गप्प बसलो. आता तुमची मुलगी भिंतीच्या हिशेबाने पास आहे, तरी तिला बसवता. म्हणजे तेव्हा भिंत खरी आणि आज खोटी? मग माझ्या पोराचं वर्ष कशासाठी गेलं?"

दादा कोपऱ्यात गेला, लादी पुसायचं फडकं बादलीत बुडवलं आणि भिंत पुसायला लागला. नावं, रेघा, सगळं. भिंगरीचं, बेकरीवालीचं, पोरासोरांचं. ओल्या भिंतीवर पांढरे ओघळ उतरले. कोणी जागचं हललं नाही.

"तुमच्या मुलाच्या रेघा खऱ्या होत्या," पुसता पुसता तो ड्रायव्हरला म्हणाला. "त्याच्यानंतर कोणाच्याच खऱ्या नाहीत. पोरांनी का खोट्या केल्या ते त्यांना नका विचारू. मला विचारा."

"मग आता ठरवणार कोण?"

"मी बघेन. एकेकाला रोज बघेन." इतका थकलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "आणि तुम्ही घरी बघा."

रविवारी निवडीच्या मैदानाऐवजी आम्ही दवाखान्यात गेलो. इस्त्रीचा शर्ट दादाने तिथे जायलाच घातला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, मेंदूला मार बसलाय, बरं होईल, पण या अवस्थेत दुसरा फटका बसला असता तर मी काहीच सांगू शकले नसते. पूर्ण विश्रांती, डोकेदुखी आणि गरगर पूर्ण जाईपर्यंत खोलीत पाऊल नको. भिंगरी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. दवाखान्यातून दादा तसाच दाढी करायला गेला.

मग घरात अबोला सुरू झाला. ती बापाशी एक अक्षर बोलेना. माझ्यामार्फत निरोप. "आत्या, त्यांना सांग मीठ हवंय." मीठ दादाच्या हाताशी असायचं आणि तो मुकाट्याने पुढे करायचा. खोलीतली पोरं आणखी कमी झाली. उरलेल्यांना दादा येताना बघे, जिना चढताना बघे, बोळा उचलायला वाकताना बघे. दिवसभराच्या कामावर हे आणखी एक काम. मी म्हटलं, "डोळे फुटतील तुझे." तर म्हणाला, "फुटले होतेच की."

काही दिवसांनी भिंगरी एका दुकानात कामाला जायला लागली, अर्धा दिवस. त्यामुळे सकाळची निघायची वेळ पुन्हा आली. रोज तीच कसरत. ती स्टुलावर बसून बूट घाली. दादा दारात पिशवीत तोंड खुपसून एखादा पाना शोधत असल्यासारखं करी. तो पाना त्याला कधी सापडला नाही. मी ओट्याशी उभी राहून एकच कप पुन्हा पुन्हा पुसत असे. ती बसली की दादा पिशवी बंद करून निघे. तिघंही एका खोलीत, आणि ज्याच्यासाठी थांबलोय ते कोणी तोंडातून काढायचं नाही. मला तर या नाटकाचा वीट आला होता.

मग एक दिवस ती स्टुलापाशी आली आणि बसली नाही.

डावा पाय वर घेतला. बूट घातला, लेस बांधली, गाठ ओढली. उजव्या पायावर खांबासारखी उभी. दादाचा हात पिशवीत तसाच राहिला. तिने डावा पाय खाली ठेवला आणि उजवा वर घेतला. मग मान वर करून सरळ बापाकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

तिला माहीत होतं. कधीपासून ते देव जाणे, पण आम्ही काय बघतो ते तिला माहीत होतं. आणि दुसरा पायही ती निभावून नेऊ शकली असती, कशीबशी, दात आवळून. लेस बांधायला वेळ तो किती लागतो? दादाने त्याच संध्याकाळी तिच्या हातात हातमोजे ठेवले असते.

तिने पाय खाली टेकवला. स्टूल ओढलं आणि बसली.

"एका पायावर जमतं, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्यावर अजून फिरतं. थोडंसंच. पण फिरतं."

दादाने पिशवी खाली ठेवली. तिच्यासमोर जमिनीवर बसायला त्याला वेळ लागला, गुडघे कुरकुरले. तिचा उजवा पाय त्याने मांडीवर घेतला, बूट चढवला आणि लेस बांधायला घेतली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने वरून आपलं बोट गाठीवर दाबून धरलं.

"सांभाळतेय मी," ती म्हणाली.

त्याने नुसती मान हलवली. मी हातातला कप ठेवला आणि तिघांसाठी पुन्हा चहा टाकला, कारण उशीर तर झालाच होता.